घरी बनवलेली गाडी आरटीओत पास होते का?

तुम्ही लिहिलंय की जुन्या मारुती ८००चं इंजिन आणि गिअरबॉक्स घेऊन, पाईपची चेसिस स्वतः वेल्ड करून, वर पत्र्याची बॉडी चढवलीय, गाडी झक्कास पळते, तर आता पासिंग कसं करायचं, आणि एक एजंट "करून देतो" म्हणतोय त्याला पैसे द्यावेत का.

एजंटला एक रुपया देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

मी पुण्यात होमोलोगेशनच्या कामात आहे, म्हणजे कंपनीची नवी गाडी बाजारात यायच्या आधी टेस्टिंगची आणि सर्टिफिकेटांची जी भलीमोठी फाईल बनते ती बनवणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे नातेवाईकांतला प्रत्येक मेकॅनिकलचा पोरगा मला हाच प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकून तोंड पाडून जातो.

खिडकीवर नक्की काय अडतं ते बघा. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज म्हणजे फॉर्म २०, तो तुम्ही भराल, काही प्रॉब्लेम नाही. पत्त्याचा पुरावा आहेच. पण त्यासोबत फॉर्म २१ लागतो, म्हणजे विक्रीचं सर्टिफिकेट, ते डीलर किंवा कंपनी देते. आणि फॉर्म २२ लागतो, ज्यात गाडी बनवणारा सही करून सांगतो की ही गाडी प्रदूषणाच्या आणि सेफ्टीच्या नियमांत बसते. तुम्ही म्हणाल बनवणारा मीच आहे, मी करतो सही. पण ती सही चालायला आधी त्या मॉडेलला टाईप अप्रूव्हल, म्हणजे त्या डिझाईनला सरकारमान्य संस्थेची मंजुरी, असावं लागतं, आणि ते नसेल तर क्लार्क कितीही भला माणूस असला तरी आरटीओच्या 'वाहन' नावाच्या कॉम्प्युटर सिस्टीममध्ये तो मेकर आणि मॉडेल म्हणून काय निवडणार? तो तुम्हाला त्रास देत नाहीये, त्याच्या स्क्रीनवर तुमची गाडी अस्तित्वातच नाही.

टाईप अप्रूव्हल म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२६. गाडीचा प्रोटोटाइप सरकारमान्य टेस्टिंग संस्थेकडे न्यायचा, आपल्याकडे पुण्यातली एआरएआय (ती वेताळ टेकडीवरची), नगरची व्हीआरडीई, किंवा मग हरियाणात मानेसरची आयकॅट वगैरे. तिथे ब्रेक, लाईट, हॉर्न, आरसे, काचा, सीटबेल्ट कुठे बोल्ट केलाय ती जागा, स्टिअरिंग, सगळं एकेक करून तपासतात. १ एप्रिल २०२० पासून धूर बीएस ६ मध्ये बसावा लागतो, तिथेच ८००चं इंजिन बाद. त्यातून वाचलात तरी २०१७ पासून नव्या मॉडेलच्या कारला समोरून आणि बाजूने धडक देऊन बघायची टेस्ट आली. कंपन्या त्यासाठी वेगळे नमुने बनवतात आणि ठोकून भंगारात टाकतात. तुमच्याकडे एकच गाडी, ती ठोकायला दिली तर पास झाल्यावर चालवणार काय?

म्हणून काही लोक सल्ला देतात की नवीन गाडी म्हणूच नका, ८००चं मॉडिफिकेशन म्हणा, आरसी तर आहेच. इथे दुसरी भिंत आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर कंपनीने दिलेला जो तपशील आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे परत एकदा ठणकावून सांगितलं. सीएनजी-एलपीजी किट, मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट, अपंग व्यक्तीसाठी केलेले बदल, रंग बदलून तशी नोंद करणं, अशा थोड्या गोष्टींना वाट आहे. अख्खी चेसिस बदलायला नाही. उलट २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमच्या गाडीत बदल मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल.

कोणी म्हणेल व्हिंटेजमध्ये टाका. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली लागते, तो विषयच नाही.

सांगलीकडची गोष्ट आठवत असेल तुम्हाला, देवराष्ट्रे गावचे (यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच) दत्तात्रय लोहार, भंगारातून छोटी जीप बनवली, किक मारून चालू होणारी, खर्च साधारण ६० हजार. डिसेंबर २०२१ मध्ये व्हिडिओ देशभर फिरला, आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि ट्विटरवरच लिहिलं की ही नियमात बसत नाही, स्थानिक अधिकारी आज ना उद्या थांबवतीलच, त्यापेक्षा ही आम्हाला द्या आणि बोलेरो घ्या. जानेवारीत बोलेरो मिळालीही. टाळ्या अख्ख्या महाराष्ट्राने जीपसाठी वाजवल्या, पासिंग झालं ते बोलेरोचं.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर हा नियम एका बाजूने बरोबर आणि एका बाजूने आळशी आहे. इंग्लंडमध्ये एकट्या गाडीची तपासणी होते, आयव्हीए म्हणतात, सरकारी इन्स्पेक्टर तुमची घरी बनवलेली गाडी समोर उभी करून तपासतो, पास झाली की नंबर, आणि गाडीचं वय ठरवता येत नसेल तर क्यू अक्षराची प्लेट. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांना धुराच्या नियमात सवलत आहे, दरवर्षी पहिल्या ५०० जणांना. आपल्याकडे ई-रिक्षाच्या वेळी सरकारने थोडं डोकं चालवलं होतं, एकेकट्याला परवडणार नाही म्हणून नोंदणीकृत संघटनेला डिझाईन पास करून घ्यायची मुभा दिली. हौशी लोकांसाठी तसं काहीतरी करायला हरकत काय, पण आज तरी कारसाठी तशी सोय नाही.

आता "गावातल्या गावात चालवतो, कोण विचारतंय" हे डोक्यात असेल तर. विनानोंदणी गाडीचा दंड पहिल्यांदा २,००० ते ५,०००, गाडी जप्त होऊ शकते, हे सगळं परवडलं एकवेळ. न परवडणारी गोष्ट इन्शुरन्स. नोंदणी नाही म्हणजे थर्ड पार्टी विमा नाही, आणि उद्या एखादी म्हातारी आडवी आली, ब्रेक लागायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर क्लेम ट्रिब्युनल जी भरपाई ठरवेल ती तुमच्या खिशातून, तिला वरची मर्यादा नाही. त्यात वेल्डिंग तुमचं, म्हणजे समोरचा वकील काय बोलेल ते मी सांगायला नको.

स्वतःच्या वावरात, कुंपणाच्या आत खुशाल चालवा. कायद्यात सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना येण्या-जाण्याचा हक्क आहे ती, त्यामुळे पाणंद रस्तासुद्धा त्यात येतो, तिथे "आमच्याच शेताकडे जातो" हे चालत नाही. कुठे न्यायची असेल तर टेम्पोत घालून न्या. इंजिनिअरिंगला असाल तर बाहा किंवा फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत गाडी घरी बनवल्याबद्दल मार्क मिळतात, चलन नाही, अर्थात तिथे त्यांच्या नियमांनुसार नवी बनवावी लागेल, ही चालणार नाही.

आणि एजंट. तो "करून देतो" म्हणजे काय करणार हे तुम्हाला सांगितलं नसणार. कुठल्यातरी मेलेल्या जीपचे कागद आणून त्यावरचा चेसिस नंबर तुमच्या पाईपवर पंच करतात, बस. जुना प्रकार आहे. सापडलं तर तो मोटार वाहन कायद्याचा दंड राहत नाही, बनावट कागद आणि फसवणुकीचा गुन्हा होतो, तोही गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर, एजंटचा तोवर फोन लागत नाही.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. ज्या ८००चं इंजिन काढलं तिचं आरसी कोणाच्या नावावर आहे ते बघा. गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, आणि भंगारवाल्याकडून इंजिन घेतलेलं असेल तर हे बहुतेक कोणीच केलेलं नसतं. त्या मालकाला गाठा, आरसी रद्द करायला लावा, इंजिन विकत घेतल्याची सही-तारखेची पावती इंजिन नंबर टाकून लिहून घ्या आणि त्याच्या आधार-कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा. शेतात उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिन नंबरावर चोरीची तक्रार निघाली तर तेवढा एकच कागद कामाला येतो.