डेक्कन ट्रॅपमध्ये कोणीही अडकलेलं नाही

प्रश्न असा आलाय की 'डेक्कन ट्रॅप'मधला, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या दख्खनच्या काळ्या दगडी थरांच्या नावातला, ट्रॅप म्हणजे सापळाच ना, युरोपातल्या बाकी भाषांत त्याला काय म्हणतात, आणि ट्रॅप आणि बेसॉल्ट एकच का.

सापळा नाही. गडावर गेलं की कोणीतरी हौशी गाईड हमखास सांगतो, "लाव्हा इथे ट्रॅप झाला, म्हणून डेक्कन ट्रॅप", आणि अख्खा ग्रुप माना डोलावतो. अरे बाबा, अडकला असता तर पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला कसा? ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो मोकाट सुटला होता, हाच तर सगळा किस्सा आहे. 'दख्खनचा सापळा' असं छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. बरं, आपण एकटे नाही, स्पॅनिशमध्येही 'त्राम्पास' म्हणजे सापळे असं भाषांतर करणारे आहेत.

शब्द स्वीडिश आहे. 'त्राप्पा' म्हणजे जिना. १८व्या शतकात तिकडच्या खनिजवाल्यांनी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या डोंगरांवरच्या काळ्या दगडाला 'त्राप' म्हटलं. किनेकुले, हुनेबेरी असे हे तिकडचे सपाट माथ्याचे डोंगर. गंमत म्हणजे किनेकुलेच्या बऱ्याचशा पायऱ्या वालुकाश्म आणि चुनखडीच्या, काळा दगड फक्त वर टोपीसारखा, आणि तोही जमिनीवर वाहिलेला लाव्हा नव्हेच, जमिनीखालीच थरांमध्ये घुसून थिजलेला. म्हणजे ज्या डोंगरांवरून हे नाव आलं त्यांच्यापेक्षा ते सह्याद्रीलाच जास्त शोभतं. पावसाळ्यात कुठल्याही घाटात समोर बघा, काळा कडा, मग गवताचा हिरवा पट्टा, पुन्हा काळा कडा. प्रत्येक थराचा गाभा टणक म्हणून तो कडा होऊन उभा राहतो, वरचा भाग बुडबुड्यांनी भोकं पडलेला, विहीरवाले ज्याला मांजऱ्या म्हणतात तो, लवकर झिजतो आणि तिथे पायरी पडते. म्हणून काहीजण ठोकून देतात की शब्द इथलाच, 'टप्पा'वरून गेला. उगाच! १८३०च्या दशकात साइक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनच्या दगडांवर लिहीत होता तेव्हा 'ट्रॅप' इंग्रजीत कधीच रुळला होता.

बाकी भाषा पटकन उरकतो. जर्मनमध्ये दगड 'त्राप' आणि जिना 'ट्रेप्प', डच जिना 'त्राप'च. रशियनमध्ये सैबेरियातल्या, २५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांना 'त्राप' म्हणतात आणि जहाजावर चढायच्या शिडीलाही 'त्राप', ती शिडी डच खलाशांकडून आली. फ्रेंचमध्ये दगडाला 'त्राप', पण तसाच ऐकू येणारा दुसरा 'त्राप' म्हणजे जमिनीतला झडपेचा दरवाजा किंवा सापळा, म्हणजे तिकडचे गाईडही बहुतेक हेच सांगत असणार.

आता खरी मजा. जिन्याचा त्राप्पा आणि इंग्रजी सापळ्याचा ट्रॅप दोन्ही जर्मानिक घराण्यातले, म्हणजे इंग्रजी, जर्मन, स्वीडिश या भाषांच्या घराण्यातले, आणि मुळाशी अर्थ 'पाय टाकणे'. ज्यावर पाय टाकून चढता तो जिना, ज्यावर पाय पडला की संपलात तो सापळा. म्हणजे चुलतभाऊ. (सापळावाल्यांनी यावर खूश होऊ नये, चुलतभाऊ म्हणजे तोच माणूस नव्हे.) पण त्याच्याही मागे जा. भाषाशास्त्रज्ञ पोकॉर्नीने संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या समान मुळांच्या १९५९च्या कोशात हे मूळ 'पळणे, चालणे' या अर्थाच्या मोठ्या कुटुंबात टाकलंय, आणि त्याच कुटुंबात संस्कृतचे 'द्राति' आणि 'द्रवति' बसलेत. द्रवति! म्हणजे धावतो, वाहतो, आणि त्यातूनच आपला 'द्रव'. आपल्या वाहत आलेल्या दगडाला जे स्वीडिश नाव नकळत चिकटलं त्याचं मूळ आपल्या 'द्रव'शी जुळतं, यापेक्षा सुंदर काय पाहिजे? यावर काही पंडित नाक मुरडतात, म्हणतात जर्मानिक शब्द नुसता पावलांच्या आवाजावरून आला, त्राप त्राप त्राप. हे यांचं नेहमीचं, मूळ लावता आलं नाही की ध्वनीवरून आला म्हणायचं आणि घरी जायचं. मग लिथुआनियनमध्ये 'थरथरणे' याला 'द्रेब'ने सुरू होणारं क्रियापद आहे, पोकॉर्नीने तेही याच घरात घेतलंय, ते काय चालण्याचा आवाज काढतं का? मला 'द्रव' पटतो, पटतच राहणार.

हां, एके ठिकाणी सापळा बरोबर आहे. तेलवाले भूवैज्ञानिक 'ट्रॅप' म्हणतात तेव्हा खरंच तेल किंवा वायू खडकाखाली अडकलेला असतो. तो इंग्रजी ट्रॅप, आपला स्वीडिश. बॉम्बे हायबद्दल बोलताना बिनधास्त सापळा म्हणा, सिंहगडाबद्दल नको.

बेसॉल्टचं राहिलंच. बेसॉल्ट हे खडकाचं नाव, ट्रॅप हा जुना ढोबळ शब्द, त्यात काळे बारीक कणांचे बरेच दगड कोंबलेले. आपल्याकडचा ट्रॅप बहुतेक सगळा बेसॉल्टच, त्यामुळे व्यवहारात चालून जातं. आणि 'ट्रॅप' की 'ट्रॅप्स' यावर कोणी भांडायला आलं तर इंग्रजीत दोन्ही चालतात, मराठीत एकवचनच ठेवा, 'ट्रॅप्स'चा षष्ठी करताना जीभ अडखळते.