सोसायटीच्या खर्चाच्या चार्टमध्ये नवे महिने का येत नाहीत? (एक्सेल)

नेरूळच्या तुमच्या सोसायटीचा टँकरखर्च मार्चपर्यंत दिसतो आणि खाली भरलेले एप्रिल ते जून चार्टमध्ये येत नाहीत, कारण चार्टची रेंज (म्हणजे तो ज्या ओळींमधले आकडे घेतो तो पट्टा) अजून १३व्या ओळीवरच थांबलेली आहे. चार्ट नव्याने काढायची गरज नाही.

चार्टवर एकदा क्लिक करा. शीटमधल्या आकड्यांभोवती रंगीत चौकट उमटेल. तिचा खालचा कोपरा धरून १६व्या ओळीपर्यंत ओढा, झालं. मात्र डेटा दुसऱ्या शीटवर असेल तर चौकट तिथे दिसणार नाही. मग चार्टवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट डेटा' उघडा आणि वरच्या 'चार्ट डेटा रेंज' या रकान्यातला १३ बदलून १६ करा. इथे एक वैताग आहे. रकान्यात बाणाची की दाबली की कर्सर सरकायच्या ऐवजी भलत्याच सेलचा पत्ता मध्येच घुसतो. आधी एफ२ दाबा, मग बाण निमूट चालतात.

'एकूण'ची ओळ रेंजमध्ये घेऊ नका. तिचा खांब एवढा उंच जातो की बाकीचे महिने बुटके दिसतात, आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न त्यावरच येतो!

दर महिन्याला हे करायचं नसेल तर आकडे निवडून कंट्रोल+टी दाबा आणि टेबल करून टाका. टेबलला लागून खाली जुलै टाइप केला की चार्ट आपोआप वाढतो. मी तरी हेच करेन. महिन्यांच्या जागी १, २, ३ दिसू लागले, तर 'सिलेक्ट डेटा'मध्येच उजवीकडच्या 'एडिट'मधून महिन्यांचा कॉलम पुन्हा निवडा.