पोकलेन मोंबासाला निघालंय, पण भाडं कशाचं?

प्रश्न: आमचं 20 टनी जुनं पोकलेन केनियातल्या एका कॉन्ट्रॅक्टरला विकायचं ठरलंय. एजंट म्हणतो मुंबईहून रो-रो जहाजाने (ज्यात गाड्या थेट चालवत आत नेतात) पाठवा, भाऊ म्हणतो कंटेनरच सेफ. शिवाय भाडं टनावर न लावता मापावर लावतायत. ही फसवणूक तर नाही ना? – एक वाचक, तासगाव

उत्तर: फसवणूक नाही हो. जहाजात जागा विकली जाते. टन किंवा घनमीटर, जो आकडा मोठा त्यावर भाडं, ही जुनीच पद्धत आहे. तुमचं मशीन समजा साडेनऊ मीटर लांब, 2.8 रुंद, 3 उंच, म्हणजे झाले जवळपास 80 घनमीटर, वजन 20 च टन असलं तरी बिल 80 चं. आणि टेप लागतो तो सगळ्यात बाहेरच्या टोकाला, मग ते टोक आरशाचं का असेना. बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, नीट दुमडला नाही आणि उंची नुसती 40 सेंटीमीटर वाढली की साडेदहा घनमीटर जास्त, म्हणजे हवेचं भाडं भरा! म्हणून बूम खाली, बकेट आत, आरसे आणि वरचा दिवा काढून ठेवा, यार्डातच माप घ्या, टेप दिसेल असे फोटो काढा आणि मगच कोटेशन मागा.

भावाला सांगा, 40 फुटी बंद कंटेनरचं दारच साधारण 2.34 मीटर रुंद असतं, त्यात 2.8 चं मशीन शिरणार कसं? मग फ्लॅट रॅकवर, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेल्या उघड्या कंटेनरवर चढवा, क्रेन लावा, बाहेर आलेल्या भागाचे वेगळे पैसे द्या. रो-रोमध्ये मशीन स्वतःच्या चेनवर रॅम्प चढून आत जातं. मात्र ते स्टार्ट व्हायला हवं, नाहीतर ट्रॉलीवर ओढून न्यावं लागतं आणि त्याचा चार्ज वेगळा. बॅटरी आधी बघून घ्या, डिझेल थोडंच ठेवा.

चेनच्या रोलरमधली माती मात्र प्रेशरने धुवून काढा. किडे-माती लोक हसण्यावारी नेतात, पण 2018 मध्ये न्यूझीलंडने जपानहून गाड्या घेऊन आलेली जहाजं निव्वळ दुर्गंधी किड्यांपायी माघारी धाडली होती.

विमा मशीन घरातून निघायच्या आधी काढा. 2022 च्या फेब्रुवारीत फेलिसिटी एस हे जहाज सुमारे चार हजार गाड्यांसकट अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ पेटलं आणि 1 मार्चला बुडालं. अशा वेळी जहाज कंपनीची जबाबदारी कायद्याने मर्यादितच असते. आणि जहाज वाचवायला मोठा खर्च झाला तर तुमच्या मशीनला ओरखडा नसला तरी तुमचा वाटा मागतात, हमी दिल्याशिवाय माल सोडत नाहीत. विमा असला की हे सगळं विमा कंपनी बघते.

केबिनमध्ये पाने, ग्रीसगन, बकेटचे जादा दात असलं काही ठेवू नका, सुट्या सामानाची जबाबदारी सहसा कोणी घेत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने सीटखाली पान्यांची अख्खी पेटी ठेवली होती. मशीन पोचलं, सीटही पोचली.