दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू फाकले आहेत आणि बेंबीचा हर्नियाही आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने दोन्ही दुरुस्त होते का?

होते, मात्र तुमच्या शस्त्रक्रियेत दोन्ही दुरुस्त केले जाणार आहे का, हे आधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. मी ते विचारले नाही आणि मला दोनदा भूल घ्यावी लागली.

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धाकटी दीड वर्षाची असताना माझ्या बेंबीत सुपारीएवढी गाठ दिसू लागली. खोकले की ती बाहेर येई, आडवे झाले की आत जाई. जवळच्या एका रुग्णालयात बेंबीखाली छेद घेऊन हर्नियाचे छिद्र टाके घालून बंद केले गेले. वर्षभरात गाठ परत आली. पोट तर पाचव्या महिन्यासारखे दिसत होतेच, पण घरातले सगळे त्याला चरबी म्हणत, आणि गाठ परतल्याचा दोष मी उन्हाळ्यात टँकरवरून उचललेल्या घागरींना देत राहिले.

छत्रपती संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरांनी मला उताणे झोपवून, गुडघे दुमडून, फक्त मान उचलायला सांगितली. छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत पोटाच्या मधोमध पालथ्या होडीसारखा उंचवटा उभा राहिला. मग त्यांनी माझीच बोटे तिथे ठेवायला लावली. तीन बोटे शेजारी शेजारी सहज आत गेली आणि दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा हाताला लागल्या. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंना जोडणारी मधली पट्टी, जिला लिनिया अल्बा म्हणतात, गरोदरपणात ताणली जाते. बाळंतपणानंतरही हे अंतर साधारण दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त राहिले तर स्नायू फाकले आहेत असे मानतात. स्नायू फाकतात तेव्हा ही पट्टी नुसती पातळ झालेली असते; हर्नियात मात्र तिला प्रत्यक्ष छिद्र पडलेले असते. विरलेल्या लुगड्याला घातलेले रफू जसे धरत नाही, तसे पातळ पट्टीतले छिद्र तेवढेच शिवले तर ते पुन्हा उसवण्याची शक्यता वाढते, हे मला त्या दिवशी कळले.

माझ्या शस्त्रक्रियेत ओटीपोटावर खाली तीन लहान छेद घेतले होते. त्वचा व चरबीचा थर स्नायूंच्या आवरणापासून सोडवून, तयार झालेल्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरून दुर्बीण घातली गेली. हर्निया बंद केला, फाकलेले स्नायू बारीक काटे असलेल्या, न घसरणाऱ्या धाग्याने मध्यरेषेत ओढून शिवले आणि वर आधारासाठी कृत्रिम धाग्यांची जाळी बसवली. जाळी स्नायूंच्या मागे बसवण्याच्याही पद्धती आहेत. कोणती योग्य, हे छिद्राचा आकार, आधीचे सिझेरियन आणि डॉक्टरांचा सराव यांवर ठरते, त्यामुळे असे किती रुग्ण त्यांनी हाताळले आहेत, हे विचारायला संकोच करू नका.

छेद लहान असले तरी आतले काम मोठे असते. पहिले दोन दिवस कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊनच उठता येत होते. आतले पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी आठवडाभर होती. ती काढल्यावर त्वचेखाली पाणी साचले आणि ते एकदा सुईने काढावे लागले. या पद्धतीत ही तक्रार बऱ्याच जणींना होते. पोटाचा पट्टा आणि वजन न उचलण्याचे पथ्य मी सहा आठवडे पाळले, आणि त्या काळात पाणी सासूबाईंनी व यजमानांनी भरले. ही सोय आधी लावून मगच तारीख घ्या. बेंबीच्या आसपासची त्वचा काही महिने बधिर होती.

हर्निया नसेल आणि स्नायूच फाकलेले असतील, तर आधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून काही महिने करावेत. बऱ्याच बायकांना तेवढ्याने आराम पडतो. हर्नियाचे छिद्र मात्र व्यायामाने बुजत नाही. आणखी मूल हवे असेल तर ही शस्त्रक्रिया शक्यतो नंतर करावी. लोंबणारी त्वचा या पद्धतीत काढली जात नाही, हेही लक्षात घ्या. तंबाखू वा मशेरीची सवय असेल तर ती आधी सोडा. तिच्याने जखम भरायला वेळ लागतो. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारा.

तारखेची वाट पाहताना गाठ अचानक कडक झाली, आत जाईनाशी झाली, वरची त्वचा लाल वा काळसर पडली किंवा वेदनेसोबत उलट्या सुरू झाल्या, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. आतडे अडकले असेल तर सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते.