रेघ नकाशावर आहे तोवरच विचारा

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये गॅस पाइपलाइनचेच प्रश्न जास्त होते, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि ही सगळी पत्रं एकत्र घेतलीत.

प्रश्न : ताई, आमच्या भागातून मोठी गॅस पाइपलाइन जाणार आहे. पर्यावरणाचा अहवाल आलाय, साडेसहाशे पानं आहेत आणि जनसुनावणीला महिनाच उरलाय. आम्ही तिघंचौघं वाचायला बसलो पण पन्नास पानांतच दमलो. कुठून सुरुवात करू?

पहिल्या पानापासून वाचूच नका. सुरुवातीची बरीच पानं प्रकल्प किती गरजेचा आहे, कायदे कोणते लागू होतात यातच जातात. सरळ पर्यायांचं प्रकरण उघडा. हीच वाट का घेतली, दुसऱ्या कुठल्या वाटा बघितल्या आणि त्या का सोडल्या, आणि पाइपलाइन टाकलीच नाही तर काय, हे तिथे असायला हवं. माझ्या मते अख्ख्या अहवालाचा जीव तिथेच असतो. कारण बघा, खाण जिथे खनिज आहे तिथेच होणार, पण पाइपलाइन वाकवता येते. एखादी पाणथळ जागा, झऱ्यांचा डोंगरउतार, जुनं जंगल हे दोन-तीन किलोमीटर वळसा घालून टाळता येतं, फक्त ती रेघ नकाशावर आहे तोवरच. एकदा जमिनीचे करार झाले आणि पाइप येऊन पडले की मग सांगतात आता शक्य नाही, आणि तेव्हा ते खरंच शक्य नसतं. तीन पर्याय दिलेत आणि त्यातले दोन कुणीही बघता क्षणी नाकारेल असे असतील तर पर्यायांचा विचार झालेलाच नाही असं समजा आणि तसं लेखी विचारा.

दुसरं, सर्व्हेच्या तारखा शोधा. त्या बहुतेक परिशिष्टात कुठेतरी बारीक अक्षरात असतात. मी पूर्वी अशा टीममध्ये वनस्पतींचं काम करायचे. एका कामात आम्हाला ऐन उन्हाळ्यात नऊ दिवस मिळाले, त्यात एक मोठा खोलगट भाग अगदी कोरडा, भेगा पडलेला दिसला आणि अहवालात त्याची नोंद पडीक जमीन अशी झाली. पावसाळ्यानंतर मी मुद्दाम तिथे गेले तर गुडघाभर पाणी, पाणवनस्पती, बेडूक, पक्षी, सगळं होतं, पण तोपर्यंत अहवाल मंजूर झाला होता आणि रेघ बरोब्बर त्याच्या मधून गेली होती. त्या नोंदीवर माझी पण सही होती आणि ते मला आजही बोचतं. म्हणून सांगते, बेडूक प्रजननाच्या काळातच ओरडतात, काही झाडं वर्षातले दोन-तीन महिनेच जमिनीवर दिसतात, स्थलांतरित पक्षी ठरलेल्या महिन्यांतच येतात, त्यामुळे एकाच ऋतूत केलेला सर्व्हे म्हणजे अर्धा सर्व्हेही नाही.

तिसरं म्हणजे किती जमीन मोजलीय ते बघा. नुसता चर मोजून चालत नाही. मोठ्या पाइपसाठी बांधकामाच्या वेळी साधारण तीस मीटरचा पट्टा मोकळा करावा लागतो असं धरलं तर एका किलोमीटरला तीन हेक्टर होतात. त्यात यंत्रं नेण्याचे रस्ते, पाइप साठवायची आवारं, कामगारांच्या छावण्या, गॅसचा दाब वाढवणारी कॉम्प्रेसर स्टेशन, व्हॉल्व्हच्या जागा हे सगळं वेगळं, आणि बऱ्याचदा हेच सुटलेलं असतं.

प्रश्न : पाइप एकदा गाडला की वर माती, वर्षभरात गवत उगवतं. रस्ता किंवा रेल्वेपेक्षा हे कितीतरी बरं नाही का? मग एवढा विरोध कशाला?

रस्त्यापेक्षा बरं, हे मान्य. मोकळ्या कुरणातून नीट काम केलेली लाइन काही वर्षांनी शोधून पण सापडत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. पण यात नीट काम केलेली हे शब्द फार महत्त्वाचे आहेत.

मातीचंच घ्या. वरचा सुपीक थर वेगळा काढून वेगळा ठेवायचा आणि शेवटी परत वरच घालायचा असतो, खालचा मुरूम त्यात मिसळला की ती जमीन पुढची कित्येक वर्षं पहिल्यासारखी पिकत नाही. शिवाय जड यंत्रं ओल्या जमिनीवरून फिरली की खालची माती दाबली जाते, ते वरून दिसत नाही पण मुळांना कळतं. अमेरिकेत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी एका तेलाच्या पाइपलाइनच्या पट्ट्यावर बघितलं तर काम झाल्यानंतरच्या पहिल्या दोन हंगामांत सोयाबीनचं उत्पन्न सरासरी २५ टक्के आणि मक्याचं १५ टक्के कमी होतं. आत तेल असो की गॅस, खोदाई तीच. त्यामुळे पावसात काम थांबवणार का, थांबवायचा निर्णय कोण घेणार, हे अहवालात स्पष्ट हवं.

पाण्याचं पण तसंच. चर परत भरला तरी त्यातली माती आजूबाजूपेक्षा सैल राहते आणि उतारावर पाणी त्या चरातूनच वाहायला लागतं, मग कुठे झरा आटतो आणि भलतीकडेच ओल येते. म्हणून चरात ठरावीक अंतरावर आडवे बांध घालतात. ते कुठे कुठे घालणार हे विचारा.

जंगलाचं मात्र गवत उगवलं म्हणून भागत नाही. पाइपवर खोल मुळांची झाडं वाढू देत नाहीत, मुळांनी पाइपवरचं कोटिंग खराब होऊ नये आणि वरून तपासणी करता यावी म्हणून. म्हणजे तो पट्टा कायमचा उघडा. दोन्ही बाजूंनी ऊन-वारा आत शिरतो, तण शिरतं, आणि दाट सावलीतले जे जीव उघडी जागा ओलांडत नाहीत त्यांच्यासाठी एका जंगलाची दोन होतात.

प्रश्न : नदी खोदणार नाहीत, तळाखालून ड्रिल करून पाइप नेणार आहेत. मग नदीला काही धोका नाही ना?

नदीत चर खोदण्यापेक्षा ही पद्धत बऱ्याचदा खूपच चांगली. चर खोदला की गाळ उठतो आणि खाली जाऊन माशांच्या अंड्यांवर बसतो, ते इथे टळतं. पण धोका नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना तीन गोष्टी विचारा.

ड्रिल करताना आत बेंटोनाइट मातीचा चिखल दाबाने सोडतात. खडकात फट असली तर तो चिखल वर नदीतच बाहेर येतो. बेंटोनाइट विषारी नाही हे खरं, पण तो इतका बारीक असतो की तळावर थर बसतो आणि तिथले कीटक, शिंपले, अंडी त्याखाली गुदमरतात. तेव्हा तळाखाली बोअर घेऊन खडक तपासलाय का, चिखल बाहेर आला तर काम कोण आणि किती मिनिटांत थांबवणार, आणि ड्रिलिंग फसलं तर पुढे काय. हा शेवटचा प्रश्न सोडू नका, कारण फसल्यावर चर खोदू असं मागे कुठेतरी लिहिलेलं असू शकतं आणि मग त्या चराच्या परिणामांचाही अभ्यास आधीच व्हायला हवा.

खोलीचं पण बघा. पुरात नदी तळ खरवडते. २०११ मध्ये अमेरिकेत मोंटानात येलोस्टोन नदीच्या पुरात तळाखालची तेलाची पाइपलाइन अशीच उघडी पडून फुटली. तळ आज किती खोल आहे हे पुरेसं नाही, मोठ्या पुरात किती खरवडला जाईल तो हिशोब हवा.

आणि टेस्टिंगचं पाणी. गॅस सोडण्याआधी पाइपमध्ये पाणी भरून दाब देऊन बघतात. ३६ इंची पाइपला एका किलोमीटरला जवळपास सहा लाख लिटर पाणी लागतं, गुणाकार करून बघा. तेच पाणी पुढच्या टप्प्यात परत वापरता येतं, पण ते मुळात कुठल्या नदीतून, कुठल्या महिन्यात उचलणार आणि शेवटी कुठे, किती वेगाने सोडणार हे बहुतेक अहवालांत एका ओळीत उरकतात.

प्रश्न : गॅस कोळशापेक्षा स्वच्छ म्हणतात, मग हवामानाच्या दृष्टीने ही पाइपलाइन चांगलीच म्हणायची का?

तेवढीच वीज कोळशाऐवजी गॅसवर केली तर कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा होतो, धूळ आणि गंधक तर फारच कमी. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता हवेत गेलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट आणि शंभर वर्षांच्या हिशोबात ३० पट तापवतो. विहिरीपासून वापरणाऱ्यापर्यंतची गळती काही टक्क्यांवर गेली की कोळशावरचा फायदा निदान जवळच्या काळात तरी संपतो. अहवालात कोणता हिशोब धरलाय ते म्हणूनच बघायचं, फक्त शंभर वर्षांचा आकडा असेल तर वीसचा पण मागा.

आणि गळती म्हणजे पाइप फुटणं असंच नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बाल्टिक समुद्रात रशियाकडून जर्मनीला जाणारी नॉर्ड स्ट्रीम गॅस पाइपलाइन फुटली तेव्हा चार लाख टनांहून जास्त मिथेन हवेत गेल्याचा अंदाज आहे, ते सगळ्या जगाने पाहिलं. रोजची गळती कुणाला दिसत नाही, ती कॉम्प्रेसरच्या सीलमधून, व्हॉल्व्हमधून होते, आणि दुरुस्तीच्या वेळी दोन व्हॉल्व्हमधला सगळा गॅस हवेत सोडतात त्यातून. तो सोडण्याआधी शेजारच्या भागात ओढून घेता येतो, यंत्रं आहेत त्यासाठी. ती वापरणार का?

पुढे जाऊन जळणाऱ्या गॅसचा हिशोब अहवालात घ्यायचा का यावर वाद आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये फ्लोरिडाकडे जाणाऱ्या पाइपलाइनच्या खटल्यात अपील कोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात असं पुढचं-मागचं मोजायचं बंधन बरंच सैल केलं. मला विचाराल तर मोजायलाच हवं. एक घनमीटर गॅस जळला की दोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो, लाइनची क्षमता अहवालात दिलेलीच असते, मग तो आकडा लिहायला अडचण काय?

प्रश्न : सुनावणीत आमच्यासारख्यांनी बोलून खरंच काही फरक पडतो का?

नेहमी पडतो असं मी म्हणणार नाही. पण कॅनडातली एक गोष्ट सांगते. तिथे उत्तरेकडून मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यातून मोठी गॅस पाइपलाइन आणायची होती. १९७४ मध्ये सरकारने थॉमस बर्जर या न्यायाधीशांना चौकशीला नेमलं. ते राजधानीत बसून राहिले नाहीत, ३५ वस्त्यांमध्ये स्वतः गेले आणि जवळपास हजार लोकांचं ऐकून घेतलं. शिकारी आणि मासेमारी करणारी माणसं आपापल्या भाषेत बोलली, कुठे शिकार मिळते, प्राणी कुठून जातात, हे पिढ्यांचं ज्ञान तज्ज्ञांच्या साक्षींच्या शेजारी नोंदलं गेलं. १९७७ च्या अहवालात बर्जर यांनी सांगितलं की उत्तर युकॉनमधून पाइपलाइन कधीच नको, कारण तिथे कॅरिबू, म्हणजे तिकडची रानटी रेनडिअर, पिल्लं घालतात, आणि मॅकेन्झी खोऱ्यात आधी तिथल्या मूळ लोकांचे जमिनीचे हक्क ठरू द्यात, दहा वर्षं थांबा. उत्तर युकॉनच्या त्या भागात १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. खोऱ्यातल्या पाइपलाइनचा प्रस्ताव पुढे परत आला, त्याला मंजुरीही मिळाली, पण २०१७ मध्ये कंपन्यांनीच तो सोडून दिला.

तुमच्याकडे महिना आहे ना, मग रेघेच्या बाजूने चालत जा. विहिरींची पातळी तारखेसकट लिहून ठेवा, झरे आणि पाणी साचतं त्या जागा फोनवर लोकेशन चालू ठेवून फोटोत घ्या, म्हाताऱ्या माणसांना विचारा की मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. हे सगळं अहवालाच्या नकाशाशी ताडून बघा आणि जिथे जुळत नाही तिथला पान नंबर टाकून सुनावणीच्या आधीच लेखी द्या, पोच घ्या. मला पाठवलंत तर मी पण बघेन.