गाडी घेऊन मेक्सिकोला जाताय? इन्शुरन्स आणि परमिटची प्रश्नोत्तरं

लाँग वीकेंड जवळ आला की सॅन डिएगो, फिनिक्स, ऑस्टिन इकडच्या आपल्या मराठी मंडळींचे मेसेज यायला लागतात. बहुतेक गोंधळ एकाच गोष्टीचा असतो, की बॉर्डर एकच आहे असं लोक धरून चालतात. गाडीच्या कागदांपुरत्या खरं तर दोन आहेत, एक गेटवरची आणि दुसरी तिथून २०-३० किलोमीटर आत. ते पुढे येईलच. यावेळचे प्रश्न घेऊया.

प्रश्न (सॅन डिएगो): ताई, आम्हाला एन्सेनाडाला जायचंय. गाडीचा इन्शुरन्स फुल कव्हरेज आहे आणि एजंट म्हणाला की बॉर्डरपलीकडे काही मैल चालतो. मग मेक्सिकन पॉलिसी वेगळी कशाला घ्यायची?

एजंटने सांगितलं ते अर्धं खरं आहे. काही अमेरिकन पॉलिसी बॉर्डरपासून २५ किंवा ५० मैलांपर्यंत तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देतात, पण तुमच्या हातून दुसऱ्याचं जे नुकसान होईल, म्हणजे लायबिलिटी, त्याला मेक्सिकोत तिथलं लायसन्स असलेल्या कंपनीचीच पॉलिसी लागते, अमेरिकन कागद दाखवून काही उपयोग नाही. फेडरल हायवेवर तर असा इन्शुरन्स २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचाच केलाय. आणि एन्सेनाडा तिहुआनाच्या खाली शंभरेक किलोमीटर, म्हणजे ती मैलांची सवलतही वाटेतच संपते.

आता मुद्द्याचं. तिकडे अपघातात कोणी जखमी झालं तर चूक कोणाची हे ठरेपर्यंत ड्रायव्हरला ताब्यात ठेवू शकतात, आणि सुटायचं तर नुकसानभरपाईची सोय आहे हे दाखवावं लागतं. ती सोय म्हणजे ही पॉलिसी. त्यामुळे घेताना पहिले बंपर आणि डेंटचा विचार करू नका, लायबिलिटीचा आकडा बघा. मी तरी ३ लाख डॉलरच्या खाली कोणाला घेऊ देत नाही, ५ लाख असेल तर उत्तम, आणि सोबत वकील आणि जामिनाचं कव्हर हवंच, लोक चार पैसे वाचवायला नेमकं तेच काढून टाकतात आणि गाडीला ओरखडा पडला तर किती मिळतील ते मात्र तीनतीनदा विचारतात.

अजून एक, क्लेम मेक्सिकोत असतानाच नोंदवायचा. "आधी घरी पोचू, मग फोन करू" हे चालत नाही. गाडी तिथेच ठेवायची, कंपनीला फोन लावायचा, त्यांचा माणूस, ज्याला तिकडे आहुस्तादोर म्हणतात, तो जागेवर येतो आणि पोलिसांशी तोच बोलतो. म्हणून पॉलिसीची प्रिंट गाडीत ठेवा, फोनची बॅटरी नेमकी अशाच वेळी संपते. आणि पिऊन गाडी चालवलीत तर कव्हर गेलंच समजा. वर्षातून तीनचार चकरा होणार असतील तर दर वेळी दिवसाची पॉलिसी घेण्यापेक्षा सहा महिन्यांची किंवा वर्षाची विचारून बघा, बऱ्याचदा स्वस्त पडते.

प्रश्न (अर्व्हाइन): मी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहे, पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलंय पण आय-७९७ (मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ (अमेरिकेतली एंट्री आणि राहायच्या मुदतीची नोंद) व्हॅलिड आहे. मित्र म्हणतात ३० दिवसांच्या आत परत आलं तर चालतं. खरं का?

परत येण्यापुरतं खरं. ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन नावाचा नियम आहे, मेक्सिको किंवा कॅनडात ३० दिवस किंवा कमी राहिलात, आय-९४ चालू आहे आणि तिकडे असताना नवीन व्हिसासाठी अर्ज केला नाहीत, तर संपलेल्या स्टॅम्पवर अमेरिकेत परत येता येतं. पण मित्र जाण्याचं विसरले! भारतीय पासपोर्टवर मेक्सिकन व्हिसाशिवाय आत जायचं तर अमेरिकेचा व्हिसा चालू असावा लागतो, नाहीतर ग्रीन कार्ड, किंवा कॅनडा, ब्रिटन, जपान, शेंगेन यांपैकी एखादा चालू व्हिसा. आय-७९७ म्हणजे व्हिसा नव्हे. तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर आधी मेक्सिकोचा व्हिसा काढा.

आणि हो, गाडीने गेलं की इमिग्रेशनला कोणी थांबवेलच असं नाही, हिरवा दिवा लागला की सरळ आत. म्हणून न थांबता जाऊ नका. गाडी बाजूला लावून ऑफिसात जायचं, एंट्रीची नोंद करून घ्यायची. रस्त्याने गेलात आणि सात दिवसांच्या आतली ट्रिप असेल तर फी नाही, जास्त असेल तर आहे आणि ती दरवर्षी बदलते.

प्रश्न (ऑस्टिन): लारेडोवरून स्वतःच्या गाडीने सान मिगेल दे अयेंदेला जायचा प्लॅन आहे. परमिटचं काय?

इथे ती दुसरी बॉर्डर येते. बाहा कॅलिफोर्नियाची दोन्ही राज्यं, सोनोराचा मोठा भाग (समुद्रकाठचं पुएर्तो पेन्यास्को त्यातच आलं) आणि बाकी ठिकाणी बॉर्डरलगतची २०-३० किलोमीटरची पट्टी, एवढ्या भागात परदेशी गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या पुढे लागतं, तुम्ही तर पार आत चाललाय.

परमिट बांहेर्सितो ही तिथली लष्कराची बँक देते, बॉर्डरवर किंवा आधी ऑनलाइन. पासपोर्ट, एंट्रीचा कागद, गाडीचं रजिस्ट्रेशन आणि पैसे भरायचं कार्ड, सगळं एकाच माणसाच्या नावावर. आपल्या लोकांचं इथेच अडतं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, रजिस्ट्रेशनवर नुसतं आद्याक्षर, बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. जायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवून जुळवून बघा. गाडी लोनवर असेल तर बँकेचं परवानगीपत्र घ्या, लीजवर असेल तर त्याशिवाय निघूच नका.

फी वेगळी आणि वर डिपॉझिट. २००७ किंवा नंतरच्या गाडीला ४०० डॉलर, २००१ ते २००६ ला ३००, त्याहून जुनीला २००. मुदत साधारण १८० दिवस. येताना बांहेर्सितोच्या खिडकीवर थांबून परमिट रद्द करून घ्यायचंच, पैसे तेव्हाच परत मिळतात. घरी जायच्या घाईत लोक तसेच पूल ओलांडून येतात, आणि मग डिपॉझिट तर जातंच, शिवाय ते परमिट उघडं राहिलं की पुढच्या वेळी तुमच्या नावावर दुसरी गाडी नेता येत नाही.

प्रश्न (फिनिक्स): नाशिकहून आईबाबा आलेत, बी-टू (पाहुण्यांचा) व्हिसा आहे. बाबा आयुष्यभर गाडी चालवतायत, थोडं त्यांनी चालवलं तर? आणि या ट्रिपने त्यांचे अमेरिकेत राहायचे सहा महिने वाढतील का?

आईबाबांचा अमेरिकन व्हिसा चालू आणि मल्टिपल एंट्री असेल तर मेक्सिकोत जायला अडचण नाही. सहा महिने वाढायचं मात्र डोक्यातून काढा, मेक्सिकोची छोटी चक्कर मारली म्हणून ऑफिसर नवीन आय-९४ देईलच असं नाही.

बाबांनी चालवायचं तर पॉलिसीत ड्रायव्हरच्या लायसन्सबद्दल काय लिहिलंय ते बघा आणि भारतीय लायसन्स चालतं का हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं "हो हो चालेल" धरू नका. मला विचाराल तर बाबांना शेजारच्या सीटवर बसवा. परमिटच्या भागात गेलात तर मित्राला गाडी चालवायला देतानाही परमिट ज्याच्या नावावर आहे तो गाडीत असलेला बरा, नवराबायको, आईवडील, मुलं, भावंडं यांना मात्र तो नसतानाही चालवता येते.

प्रश्न (ह्यूस्टन): भाड्याची गाडी नेता येते का?

कंपनीने लेखी परवानगी दिली तर. ती बहुतेकदा मेक्सिकन इन्शुरन्सही स्वतःच विकते. परवानगी नसताना नेलीत आणि काही झालं तर सगळा खर्च तुमच्या अंगावर.

प्रश्न (चुला व्हिस्टा): येताना रांग कमी करायला काय करता येईल? आणि सोबत काय नेऊ नये?

रेडी लेन वेगळी असते, पण त्यात १६ आणि त्यावरच्या प्रत्येकाकडे चिपवालं कार्ड हवं. ग्रीन कार्ड चालतं, पासपोर्टवरचा व्हिसा नाही. म्हणजे गाडीत एक जण जरी एच-वन-बीवाला असला तरी सगळ्यांनी जनरल लेनमध्येच उभं राहायचं.

नेऊ नये त्यात पहिलं म्हणजे बंदुकीची गोळी, एक सुटी गोळी सापडली तरी तिकडे गंभीर गुन्हा होतो. तुम्ही म्हणाल आमच्याकडे कुठली, पण मित्राची गाडी मागून नेणार असाल तर ग्लोव्ह बॉक्स आणि सीटखाली हात घालून बघा. आणि सुडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं तिकडे बंद आहेत, अमेरिकन परराष्ट्र खातं त्यात विक्स इनहेलरचंही नाव घेतं, तेव्हा आईच्या पर्समधली ती पांढरी नळी घरीच ठेवायला सांगा.