तीनही वार हुकले, संगणक लबाडी करतो का?

प्रश्न : जादूगार, ऑर्क, वनदेव यांच्या फौजा लढवण्याचे ऑनलाइन खेळ शेकड्यांनी दिसतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : चित्रं आणि जाहिराती बाजूला ठेवून एकच गोष्ट तपासा : डाव पाळीपाळीने चालतो की घड्याळ सतत धावत असतं? धावत्या डावात हात चपळ लागतो आणि नवशिक्याला आपण का हरलो हेच उमगत नाही. पाळीच्या डावात चूक डोळ्यांसमोर राहते. आमची पसंती ‘द बॅटल फॉर वेसनॉथ’ला आहे. षट्कोनी घरांच्या पटावरचा हा खेळ २००३ पासून चालू आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्सवर फुकट मिळतो. आधी शिकवणीचा डाव, मग ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ ही छोटी मोहीम (एका कथेत गुंफलेले सलग डाव) सर्वांत सोप्या पायरीवर खेळा. ऑनलाइन दालनात, म्हणजे इतर खेळाडू जमतात तिथे, गेल्यावर लगेच खेळायला बसू नका. चालू डाव प्रेक्षक म्हणून बघता येतात, तसे दोन-तीन बघा. पहिल्या पाच फेऱ्यांत कोण कुठलं खेडं कोणाला पाठवून घेतो, तिकडे विशेष लक्ष ठेवा.

प्रश्न : वेसनॉथमध्ये खेड्यात बसलेल्या शत्रूवर माझ्या भालाइताने तीन वार केले, तीनही हुकले. असं वारंवार होतं. संगणक लबाडी करतो का?

उत्तर : नाही. इथे वार लागण्याची शक्यता बहुधा मार खाणारा कुठे उभा आहे त्यावरून ठरते. साध्या मानवी सैनिकाला खेड्यात वार लागण्याची शक्यता ४० टक्के, गवतावर ६०, उथळ पाण्यात किंवा दलदलीत ८०. म्हणजे खेड्यात तीनही वार हुकण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, जवळपास २२ टक्के. पाचांत एकदा हे घडणारच! तोच शत्रू गवतावर असेल तर ही शक्यता ६.४ टक्क्यांवर येते. म्हणून खेड्यावर धडका मारत बसण्यापेक्षा आपण चांगल्या जागी थांबावं आणि त्याला उघड्यावर यायला लावावं. थांबणं शक्यच नसेल तर जादूगार पुढे करा. त्याचा जादूचा वार कुठल्याही जागी ७० टक्के लागतो. पण तो नाजूक असतो, दोन्ही बाजूंना भालाईत नसतील तर पुढच्याच पाळीत पडेल.

बहुतेकांची खरी चूक वेळेची असते. भालाईत हा दिवसाचा गडी आहे : त्याचा ७ चा वार दिवसा ९ होतो, रात्री ५. ऑर्क आणि मृतांच्या फौजेचं नेमकं उलट. पहाट, दिवसाच्या दोन, संध्याकाळ, रात्रीच्या दोन असं सहा फेऱ्यांचं चक्र असतं. पहाटे भिडा, संध्याकाळी मागे सरा, रात्र खेड्यांत काढा. तिथे दर फेरीला ८ जीवगुण (किती मार सोसता येईल ते दाखवणारे गुण) भरून निघतात. आणि सांगाड्यांवर भाला वापरूच नका, त्यांच्यावर भोसकण्याचा ६० टक्के मार वाया जातो. गदा किंवा आग हवी.

प्रश्न : मोहिमेच्या मध्यावर सोनं संपतं. कुठे चुकतं?

उत्तर : बहुधा मोहिमेच्या आधीच्या डावांतून वाचलेले जुने सैनिक परत बोलावण्यात. परत बोलावणं सरसकट २० सोन्याचं, नवा भालाईत १४ चा. पहिल्या पातळीचा, अनुभव न मिळवलेला सैनिक २० देऊन बोलावणं तोट्याचं. दुसऱ्या-तिसऱ्या पातळीचे, किंवा बढतीला थोडेच गुण कमी असलेले तेवढे बोलवा. बढती मिळताच सगळी जखमही भरते, त्यामुळे असा जखमी सैनिक मागे नेण्याऐवजी शेवटचा घाव त्यालाच घालू द्या. ठार मारण्याचे गुण शत्रूच्या पातळीच्या आठपट मिळतात, नुसतं लढण्याचे पातळीएवढेच.